दिवस भरण्याआधी
बाळ दिवस भरण्याआधीच आलं आणि थेट काचेच्या पेटीत गेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई गाऱ्हाणं सांगत, "ऐकेल तर शपथ! शेवटपर्यंत पार्लरमध्ये उभी राहून लोकांचे केस कापत होती." कॉटवर पडून सून दात-ओठ खात ऐकायची. नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेला. दर पाळीला ती वेदनांनी कळवळायची तेव्हा याच सासूबाई म्हणायच्या, "बायकांना दुखायचंच." शेवटी तिने डॉक्टरीणबाईंना सगळ्यांसमोर बोलायला लावलं. "हिला अ‍ॅडिनोमायोसिस आहे," त्या म्हणाल्या. "गर्भाशयाचं अस्तर भिंतीत शिरून वाढतं, भिंत सुजते. अशात बाळ लवकर येण्याचा धोका असतोच. कामाला बोल लावू नका." सासूबाईंनी मान डोलावली. "म्हणजे खोट हिच्यातच होती तर!" तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून मोबाइलमध्येच. "आईंना घरी सोड," ती म्हणाली. "तोंड उघडणार असशील तरच परत ये."