दयारामकाकांचा मेल

कॅम्प-वन वस्तीतल्या रत्नमालाकाकूंच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली आणि दयारामकाकांचा मेल उघडेना. काका वारले होते. त्यांचे सगळे फोटो त्या मेलमध्येच होते.

“पासवर्ड मांगून राहिलं, काकू,” शेजारचा नागसेन म्हणाला.

“त्यायनं मले कधी सांगतलाच नाही रे.”

नागसेननं नाद सोडून कीबोर्डची वायर काढली.

तेवढ्यात पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटला. थोडं थांबून दुसरा. काका एका बोटानं टाइप करत, तशाच संथपणे चौकट भरली आणि फोटो दिसू लागले.

“सापडला तुले! लय मोठं काम केलं पोरा,” म्हणत काकू डोळे पुसत चहा ठेवायला गेल्या.

वायर नागसेनच्या हातातच होती. पडद्यावर अक्षरं उमटली: “लय उपकार झाले, नागसेन.”

तो उठू लागला, तशी खाली आणखी एक ओळ आली.

“बस ना रे. चहा पिऊन जा.”