प्रश्न विचारणारं पोरगं

राजूरच्या मुजाहिदनं शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी संगणकावर एक आभासी वर्ग तयार केला. त्यात सारखं "पण का, सर?" विचारणारं एक पोरगं होतं. ते त्यानं स्वतःच्या लहानपणावरून बनवलं होतं.

जालन्यातल्या पहिल्याच प्रशिक्षणाला नेमके त्याचे शाळेतले राधेश्याम सर आले. पडद्यावरच्या पोरानं विचारलं, "पण का, सर?" मुजाहिदला वाटलं, सर आता तरी उत्तर देतील. सर मात्र माउस इकडंतिकडं फिरवत राहिले.

न राहवून त्यानं विचारलं, "कसा वाटला वर्ग, सर?"

 

"बिलकुल खऱ्यासारखा! शाब्बास, मुजाहिद! फक्त त्या पोराला वर्गाबाहेर काढायचं बटण काही सापडून न्हाई राह्यलं."