बाहेरून दहावी

“दहावीसुद्धा धरत नाहीत,” दिलीप बूट काढता काढता म्हणाला. “तुझे ते परदेशातले कागद इथे कोणी विचारत नाही. बोर्डाच्या ऑफिसातल्या साहेबांनीच सांगितलं आज.”

नवऱ्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून अरुणा उभी राहिली. मोंबासाला तिने केंब्रिजची ओ लेव्हल केली होती, वर ए लेव्हलही, आणि गणितात तर शाळेत पहिली आली होती. ओ म्हणजे आपली दहावी, ए म्हणजे बारावी, असं लग्नाच्या वेळी जो तो सांगायचा. तेव्हा सासरच्यांना केवढं कौतुक होतं त्याचं. आता वाशीच्या दोन खोल्यांत सहा वर्षं काढल्यावर तीच बाई एकदम अडाणी ठरली.

जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रधानबाई तिला नोकरी द्यायला तयार होत्या. तुमचं शिक्षण इथल्या बारावीबरोबर धरलं जातं एवढा दाखला आणा आणि उद्यापासून शिकवायला या, म्हणाल्या होत्या. तो दाखला मिळवायचं काम दिलीपने आपण होऊन अंगावर घेतलं. मूळ कागद गोदरेजच्या कपाटात गेले आणि किल्ली त्याच्या पँटच्या खिशात. मी स्वतः जाऊन चौकशी करते, असं तिने म्हटलं की त्याचा पारा चढायचा. घरात बी.कॉम. झालेला माणूस असताना बायकोने ऑफिसांच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या, हे त्याचं ठरलेलं उत्तर. एकदा तर त्याने सरळ सांगितलं होतं, “माझ्या मागे काही उद्योग केलेस, तर त्या कागदांची होळी करीन.”

करीन म्हणाला म्हणजे केलीही असती. आणि रागावून जायचं तरी कुठे? आईवडील आता इंग्लंडात, लेस्टरला भावाकडे. इथे ना माहेर, ना मैत्रीण. दिवसभर समोरची अर्धवट बांधलेली बिल्डिंग आणि तिच्या पलीकडचा खाडीचा चिखल बघत बसायचं. जीव नुसता घुसमटायचा बिचारीचा.

एक तेवढी सूट होती. सोसायटीतल्या दोन मुली दहावीला होत्या, त्यांना फुकट शिकवायला त्याची हरकत नव्हती. अट एकच, शिकवणी संध्याकाळी, तो घरी असतानाच. मग हा पेपर उघडून तिथेच खुर्चीत ठाण मांडायचा. तासभर झाला तरी पान काही उलटायचा नाही. मध्येच पेपराआडून आवाज यायचा, “पोरींना कळलेलं नाही ते. पॅसिव्ह व्हॉइस पुन्हा सांग.”

पोरी म्हणायच्या, कळलं की काका. तरी पुन्हा सांगायला लागायचं. हा असा पहारा करण्यापेक्षा दाराला कुलूप लावून जा म्हणावं, असं अरुणाच्या अगदी ओठांवर यायचं.

ऑफिसचे इंग्रजी अर्ज मात्र तो तिच्याकडूनच लिहून घ्यायचा. अक्षर खराब आहे म्हणे माझं. ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत तो स्टोअर्सचा क्लार्क होता. दरवर्षी प्रमोशन हुकायचं, आणि साहेब माझ्यावर दात धरून आहे म्हणत तो सगळा राग घरात काढायचा. गेलं वर्षभर तर रविवारीसुद्धा ओव्हरटाइम होता.

शेवटी प्रधानबाईंनीच वाट काढली. “दाखल्याची वाट बघत म्हातारी व्हाल,” त्या म्हणाल्या. “बाहेरून दहावीला बसा. एकदा इथला कागद हातात आला की पुढचं माझ्यावर सोडा.”

अर्जाची सगळी खटपट त्यांनीच केली. नाव घातलं, तिरोडकर अरुणा दिलीप. केंद्र आलं बेलापूरला. म्हणजे ओळखीचं कोणी भेटायला नको, तिला तेवढंच बरं वाटलं. बाहेरून बसणाऱ्यांचे नंबर आडनावाप्रमाणे लागतात, तेव्हा तुम्ही तावडे-ठाकुरांच्या रांगेत, असं बाई हसत म्हणाल्या.

गणिताची, इंग्रजीची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती मराठीची. जन्म मोंबासाचा, बोलायला पटाईत, पण लिहायला बसली की बोंब. दुपारी दार लावून ती निबंध गिरवायची. जिन्यात बूट वाजले की पुस्तकं पिठाच्या डब्यामागे जायची आणि ही बया पोळ्या लाटत असायची.

परीक्षेच्या दिवशी दिलीप तिच्याही आधी उठला. गुळगुळीत दाढी केली, देवापुढे बराच वेळ उभा राहिला.

“दही घाल हातावर,” तो म्हणाला. “आज प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे.”

तिने त्याच्या तळहातावर दहीसाखर घातली. लहान पोरासारखे डोळे मिटून त्याने ती चाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याची दया आली. तो गेल्यावर वाटीतलं उरलेलं दही तिने आपलं आपणच हातावर घेतलं आणि चाटलं. आपल्याला दही घालायला घरात कोणी नाही, या विचाराने तिला रडू फुटलं. मग तोंड धुऊन तिने बस पकडली.

बेलापूरच्या शाळेत तिला आपल्या नंबराचा बाक सापडला. दिलीपला कळलं तर, हा एकच घोर. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि मान खाली घातली. मागचा बाक रिकामा होता. घंटा झाली, उत्तरपत्रिका वाटल्या, तेवढ्यात कोणी तरी धापा टाकत आलं आणि मागे बसलं. तिने वळून पाहिलं नाही. वळायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

सुपरवायझर सर हॉल तिकिटं तपासत आले. तिचं बघून त्यांनी सही केली आणि मागे सरकले.

“अरे वा, लागोपाठ दोन तिरोडकर,” ते म्हणाले. “नात्यातले का?”

मागच्या तिकिटावरही त्यांनी सही ठोकली. सर पुढच्या रांगेकडे गेले. अरुणाने पेनाचं टोपण काढलं.

आणि रोज पेपराआडून येणारा तो आवाज अगदी हळू तिच्या पाठीशी आला, “अरुणा, इंग्रजीच्या दिवशी जरा तिरकी बस.”