शनिवारचे ठिपके

टॉवरच्या सिग्नलवरून मोबाइल नेमका कुठे आहे हे हुडकायची युक्ती आधी कुणाची, यावरून दोन बड्या कंपन्या आमच्या टेक्सासमधल्या एवढ्याशा गावात भांडत होत्या. पेटंटचे खटले लढायला सगळे इथेच येतात आणि निकाल द्यायला ज्यूरीत बसतो आम्ही, एकाच चर्चचे, जुगाराला पाप मानणारे सोवळे बाप्टिस्ट.

एका कंपनीचा वकील भलताच उत्साही होता. "जजसाहेब, बोलत कशाला बसू, दाखवतोच!" म्हणाला, आणि आम्हाला नको म्हणायला सवड न देता ज्यूरीतल्या सगळ्यांचे फोन शनिवारी संध्याकाळी कुठे होते, ते त्याने भिंतीवरच्या नकाशावर उमटवलं. सगळे ठिपके राज्याची हद्द ओलांडून लुइझियानातल्या एका जुगाराच्या बोटीवर गोळा झाले होते.

मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांनी चष्मा पुसून पुन्हा नकाशाकडे पाहिलं.

"काहीतरीच काय! मी बायबलच्या वर्गात होते," ज्यूरीतल्या व्हर्लीनबाई कडाडल्या.

"होत्याच की! मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो," आमचा हार्लन म्हणाला.

"आणि मी ह्या दोघांच्या मागे," मीही ठोकून दिलं.

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "शनिवारी वर्गात मी एकटाच होतो."

आम्ही तडक ज्यूरीच्या खोलीत गेलो आणि कपात कॉफी पडायच्या आत एकमताने निकाल दिला: पेटंट दोघांपैकी कुणालाच नाही, कारण असली युक्ती मुळात चालतच नाही.