ताटलीवरची मावशी

"जेवलात का?" असं त्या ताटलीला विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या कस्तुराने लावली होती, आणि आम्रपाली आता कुणाला भिणारी राहिली नव्हती.

तळवड्याच्या एका कंपनीत तिची आई साफसफाईला होती. तिथे रिसेप्शनमधल्या काचेच्या कपाटात एका नामवंत चित्रकाराने घडवलेली चिनी मातीची ताटली होती. तिच्यावर मिटल्या ओठांच्या बाईचा चेहरा रंगवलेला. हल्ली त्या ओठांवर पिवळे डाग पडायचे.

"आणखी एक डाग दिसला तर घरी बसा," सुपरवायझरने आईला बजावलं होतं.

"किल्ली तुमच्याकडंच असते की साहेब," आई म्हणाली होती.

शाळा सुटल्यावर आम्रपाली कपाटासमोर ऐटीत उभी राहिली. "काय मावशी, जेवलात का?"

चेहरा गप्पच. ती खुदकन हसली, सोफ्यावर बसली आणि दिवसभर न उघडलेला डबा तिने उघडला. पिठलं-चपाती गायब होती. डबा आतून चाटूनपुसून लख्ख झाला होता.

तिने वर पाहिलं. कपाटाला कुलूप होतं आणि मिटल्या ओठांच्या कोपऱ्यात ओलं पिठलं.

तिने ओढणीने काच पुसून पाहिली. पिठलं आतल्या बाजूला होतं.

घरी चहा पिताना तिने आईबाबांना सांगून टाकलं, "उद्यापासून मी दोन डबे नेणार. आणि आई, दुसऱ्यात एक रुमाल ठेव, तोंड पुसायला."