मास्तरांची साथ

मास्तरांनी चर्चमधल्या ऑर्गनची एक पट्टी दाबली आणि दाबून धरली. काहीच वाजलं नाही.

कानाच्या मशीनमध्ये खोट नव्हती. काल दुकानातून आणलेलं ते इवलंसं मशीन त्यांनी आत्ताच कानात बसवलं होतं आणि वरून केस ओढून घेतले होते. त्यातून त्यांना झाडू ऐकू येत होता, बाक सरकवल्याचं कळत होतं, मागे कुणीतरी नाक शिंकरलं तेही समजलं होतं. नव्हता तो फक्त ऑर्गन. त्याचा दिवा तर पेटलेला होता.

मशीनचं त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पेन्शन आली की मंडळीचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, आधी बाजूला पडायचा, मग घरखर्च, आणि त्यातून उरेल तेवढं साठवत दीड वर्षात कसेबसे पैसे जमले होते. आज समर्पण रविवार. येत्या वर्षी मंडळीला वेळ किती देणार, कला कोणती देणार, पैसा किती देणार, याचं कार्ड आज प्रत्येकाने भरून द्यायचं होतं. कलेच्या रकान्यात मास्तर एकतीस वर्षं 'ऑर्गन' एवढंच लिहीत आले होते. आजच्या उपासनेचा पहिला सूर स्वतःच्या कानांनी ऐकायचा आणि मग बायकोला चकित करायचं, असा बेत होता. म्हाताऱ्या माणसाची हौस, दुसरं काय.

त्यांनी वाकून खाली पाहिलं. ऑर्गनमधून भिंतीवरच्या स्पीकरकडे जाणारी वायर काढलेली होती. नुसती काढलेली नव्हती, तर नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधून कोपऱ्यात सरकवलेली होती. वेटोळ्यावर धुळीचा जाड थर होता. इतकी धूळ काही एका आठवड्यात बसत नाही.

कान गेले तरी खालचे सूर त्यांना पायाखालच्या फळीतून जाणवायचे. दीड वर्षापूर्वी तेही बंद झालं, तेव्हा मास्तरांनी आपल्या नशिबाला बोल लावला होता आणि त्याच महिन्यापासून मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली होती.

वायर जोडायला मिनिटभरही लागलं नसतं. पण तेवढ्यात गायकमंडळी येऊन उभी राहिली आणि स्पीकरमधून ऑर्गन वाजू लागला. भरदार, सफाईदार, कधीच न चुकणारा, कुठेतरी आधीच भरून ठेवलेला. गायकांनी त्यावर पहिलं गीत धरलं. मास्तरांनी पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. गीत चालूच राहिलं.

बायको गायकांच्या पहिल्या रांगेत, त्यांच्यापासून चार हातांवर होती. तिची नजर पुस्तकावरून त्यांच्या मांडीवरच्या हातांवर आली आणि जराशी तिथेच थांबली. मग तिने पान उलटलं आणि पुढचं कडवं म्हणू लागली.

बाकीच्यांचं त्यांनी एक वेळ समजून घेतलं असतं. चुकत असतील आपले सूर, तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नसेल. पण ती रोज रात्री त्यांच्या शेजारी बसून जेवत होती.

पाळकसाहेबांचं प्रवचन देण्यावर होतं. तीन वर्षांत मास्तरांनी ऐकलेलं हे पहिलंच. "देवाला तुमची रक्कम नको, तुमचं मन हवं," असं सांगून पाळकसाहेबांनी ऑर्गनकडे हात केला. "आपले मास्तर बघा. ऐकू येत नाही, पण एक रविवार चुकवला नाही. त्यांच्याशिवाय आपली उपासना उभी राहील का?" लोकांनी माना वळवून मास्तरांकडे मायेने पाहिलं. मास्तरही सवयीने हसले.

दानाची थैली आली. आज द्यायचं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. पण खजिनदार थैली उघडून, मान तिरकी करून उभा राहिला आणि मास्तरांचा हात आपणहून खिशात गेला. दशांशाचं पाकीटही पडलं, भरलेलं कार्डही पडलं. खजिनदार पुढे सरकला. वायर काढणाऱ्यांचा आला नसेल एवढा राग मास्तरांना त्या हाताचा आला.

उपासना संपल्यावर दारात पाळकसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तोंड कानाजवळ आणून सांगितलं, "आज तर कमाल केलीत, मास्तर." मग मागे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात खजिनदाराला विचारलं, "कार्ड दिलं ना यांनी?"

"दिलं की. दशांश गेल्या वर्षीएवढाच आहे," खजिनदार म्हणाला.

मास्तर पायऱ्या उतरून खाली थांबले. मागून बायको आली. तिने त्यांचा हात धरला, पण ती चालायला लागली नाही. तिचे डोळे भरून आले होते. आता सांगेल, मास्तरांना वाटलं. तिने नुसतं सांगून टाकावं. मग मशीन काढून तिच्या हातावर ठेवायचं आणि दोघांनी मिळून हसायचं की रडायचं, ते नंतर बघता आलं असतं. ते तिच्याकडे पाहत राहिले.

ती टाचा उंच करून त्यांच्या कानाशी आली.

"शेवटचं गाणं किती गोड वाजवलंत हो आज."

तिला एवढं ओरडायची काहीच गरज नव्हती.