खरवड

रक्ताच्या थेंबावरून माणसाची स्मृती कोणत्या वर्षी जाणार ते कळायला लागलं, तेव्हाच जुईने जुळ्या बहिणीला बजावलं होतं, "सायली, आपली जनुकं एकच. तुझा निकाल तोच माझा, आणि मला तो कळता कामा नये."

तरी सायली गुपचूप तपासून आली. समुपदेशक बाईंनी हलक्या आवाजात सांगितलेलं वर्ष पोटात ठेवून, हसऱ्या चेहऱ्याने ती बासुंदी आटवणाऱ्या जुईशेजारी बसली.

पातेल्याच्या खरवडीवरून दोघी पन्नास वर्षं कचाकचा भांडत आल्या होत्या. आज बासुंदी काढून झाल्यावर सायलीने पातेलं जुईपुढे सरकवलं. "घे, सगळी तुलाच."

जुईने चमचा उचलला. एकदा खरवडलं आणि तिचा हात थांबला.

"सायले," ती म्हणाली, "किती वर्षं राहिलीत गं आपली?"